आजीच्या फोनमधली यान्यान

ल्यावताईचं टेबल आमच्या गल्लीच्या तोंडाशी होतं, सारणाचे वाफवलेले पाव विकणारा आणि कुलपं उघडून देणारा यांच्या मधोमध. टेबल म्हणजे मोडक्या शिवणयंत्राचे पाय, त्यावर फळी, फळीवर हिरवी रबरी चटई आणि वर पत्रा. मागच्या भिंतीवर लाल पाटी. पाटीवर तिने स्वतःच्या हाताने तीनच शब्द लिहिले होते: बॅटरी, तापणे, आवाज. काच फुटलेला फोन घेऊन कुणी आलं की त्याला पुढच्या गल्लीत पिटाळायची. "काच कुणीही बसवतो," म्हणायची. "माझ्याकडे आतलं दुखणं घेऊन यायचं."

शेनझेनच्या उत्तरेला लोंगह्वा भागात कारखान्यांच्या भिंतींना चिकटून अशा वस्त्या आहेत. इमारती इतक्या जवळ की समोरच्या बाईची भाजी करपायला लागली तर आपण खिडकीतून सांगायचं. मी तिथेच राहते. कामगारांचे अर्ज लिहून देते, त्यांच्याबरोबर कचेऱ्यांचे जिने चढते आणि बहुतेक वेळा भांडून उतरते. कायदा मला कुणी शिकवला नाही, जुन्या बाजारातून पुस्तकं आणून वाचला. त्यावरून ल्यावताई मला 'वकीलबाई' म्हणायची. कौतुकाने नव्हे. सगळ्या गल्लीत मला तोंडावर खोटं ठरवणारी ती एकटीच होती, म्हणून मी तिच्याच बाजूला स्टूल टाकून अर्ज लिहीत बसायचे.

तिचं पूर्ण नाव ल्याव सूछिन. हुनान प्रांतातल्या खेड्यातली. उंची बेताची, केस पुरुषासारखे कापलेले, डोळ्यावर भिंगाचा चष्मा, आणि जीभ अशी की गिऱ्हाईक आधी ओशाळायचं आणि मग हसायचं.

"ताई, फोन तव्यासारखा तापतो," असेंब्ली लाइनवरची एक पोरगी सांगत असायची.

"झोपताना कुठे लावतेस चार्जिंगला?"

"उशीखाली."

"अंगावर काय घेतेस?"

"रजई."

"म्हणजे त्याला गादी, उशी, रजई, आणि वर हे लोकरीच्या सशाचं कव्हर. तुला असं गुंडाळून कुणी पोटात वीज सोडली तर तू थंड राहशील का? कव्हर काढ. चार्जिंगला लावलास की खेळायचं नाही. खोलीतल्या आठजणी एकाच पट्टीवर लावता ना? ती पट्टी आधी बदला. फोन बरा आहे, तूच आजारी आहेस."

पहारेकरी यायचा. त्याने तापलेला फोन सरबतवाल्याच्या फ्रीजमध्ये ठेवलेला असायचा आणि आता काचेच्या आत पाणी सुटलेलं असायचं. "विकायला ठेवला होतास का?" ती विचारायची. कुणी स्पीकरच्या जाळीत टाचणी घालून आलेला असायचा. "तुझ्या कानात खिळा घातला तर तुला जास्त ऐकू येईल का?" मग दात घासायचा मऊ ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून, फोन पालथा धरून, ती जाळी घासायची. कारखान्याची धूळ, तेल, कातडीचा कीस, काय काय निघायचं. अर्ध्या लोकांचा आवाज तेवढ्यानेच परत यायचा. ते तोंडभर आशीर्वाद द्यायचे आणि ती म्हणायची, "आशीर्वाद ठेवा, ब्रश घ्या. घरी करता येतं हे."

तिची एक रीत होती, ती इथेच सांगते. आवाज सुधारला की नाही हे बघायला इतर दुरुस्तीवाले गिऱ्हाइकाच्या फोनमधलाच एखादा निरोप वाजवतात. वीचॅटवर लोक लिहिण्यापेक्षा बोलतात जास्त, बटण दाबून धरायचं, बोलायचं, सोडायचं. सगळ्यांच्या फोनमध्ये कुणाकुणाचे आवाज भरलेले. बाजारात तर पोरं मुद्दाम बायकोचे, मैत्रिणीचे निरोप वाजवतात आणि खिदळतात. ल्यावताईने ते कधी केलं नाही. तिने स्वतःचाच आवाज एका मेमरी कार्डावर घेऊन ठेवला होता: "एक, दोन, तीन, ऐकू येतंय का." प्रत्येक फोनमध्ये ते कार्ड घालायची आणि तेवढंच वाजवायची. "बोलणं ज्याच्यासाठी बोललं त्याच्या कानासाठी असतं," म्हणायची. "मला फक्त भोंगा बरा करायचाय." या रीतीचा तिला अभिमान होता. मलाही होता. मी तर दहाजणांना सांगितलं होतं की प्रामाणिकपणा बघायचा तर आमच्या गल्लीत या.

आता तिच्या घरचं.

तिची मुलगी यान्यान चार वर्षांची असताना नवऱ्याने दुसऱ्या गावी दुसरा संसार मांडला. सासू मात्र हिच्याच बाजूने उभी राहिली. म्हातारीने मुलाला सांगितलं, माझ्या दारात पाय ठेवायचा तर हिची माफी मागून ठेव. तो काही आला नाही. मग सूछिन कमवायला शेनझेनला आली आणि पोर म्हातारीपाशी राहिली. आमच्याकडे निम्म्या मुलांचं बालपण असंच जातं. आई म्हणजे वर्षातून एकदा नववर्षाला येणारी, नवीन कोट आणणारी, आणि कोट अंगाला येईपर्यंत निघून जाणारी बाई.

यान्यान मोठी झाली, कामाला लागली, तिच्या हातात फोन आला. म्हातारीला अक्षरओळख नाही, म्हणून तिला ती बोलून पाठवायची. आईला लिहिता-वाचता येतं, म्हणून आईला टाइप करायची. दिवसातून एखादा शब्द. पोचले. जेवले. हो. नको. ल्यावताई ते मला दाखवायची आणि म्हणायची, "बघ वकीलबाई, माझी पोरगी मला तार करते." हसायची. पण फोन लगेच उलटा करून ठेवायची.

यान्यान शेजारच्या तोंगक्वान शहरात एका साचेकारखान्यात होती. जुलैमध्ये भट्टीपाशी उभ्या उभ्या कोसळली. मशीनपाशी पंखा होता, कारण मशीन तापलं की बंद पडतं आणि बंद पडलं की माल अडतो. पोरगी वीस वर्षांची होती. दवाखान्यात नेईपर्यंत अंग कढईसारखं झालेलं. कारखान्याने लिहून दिलं की तिचं हृदय मुळातच कमजोर होतं. मी त्या कारखान्याच्या फाटकावर गेले, कचेरीत गेले, अर्ज केले, ओरडले, पहारेकऱ्यांनी मला हाताला धरून बाहेर काढलं. त्याचं काहीही झालं नाही. याहून जास्त मी त्याबद्दल लिहिणार नाही, कारण लिहायला लागले की मला दुसरं काही लिहिता येत नाही, आणि ही गोष्ट त्यांची नाही.

ल्यावताई राख गावी ठेवून परत आली आणि टेबलावर बसली. पहिलंच गिऱ्हाईक म्हणालं, ताई, फोन तापतो. तिने हात पुढे केला. फोन घेतला, कव्हर काढलं, मागची बाजू गालाला लावून बघितली, कुठे तापतोय ते. गालाला लावलेला तो फोन तिने बराच वेळ काढला नाही. त्या दिवशी तिने त्याला एकही टोमणा मारला नाही, त्यावरूनच गल्लीला कळलं.

त्यानंतरच्या नववर्षाला ती गावी गेली. परत आल्यावर तिने मला जे सांगितलं ते असं.

म्हातारी दिवसभर चुलीपाशी बसून यान्यानचे निरोप ऐकत होती. एकामागून एक बोटाने दाबायचे, शेवटचा झाला की वर सरकवून पुन्हा पहिल्यापासून. फोन कायम चार्जिंगला, कायम चुलीच्या उबेला. धूर आणि तेल बसून स्पीकर गच्च झालेला, यान्यान रजईच्या आतून बोलल्यासारखी. ल्यावताईने फोन उघडला. स्पीकरची तार आतल्या बोर्डापासून सुटत आली होती, तिथे सोल्डरचा बारीकसा डाग दिला. जाळी घासली. मग आपलं कार्ड घालून वाजवलं: एक, दोन, तीन, ऐकू येतंय का.

"आता यान्यानचं लाव," म्हातारी म्हणाली. "ऐक तरी. कशी बोलते बघ."

"तुमचं आहे ते, आई. तुम्ही ऐका," ल्यावताई म्हणाली आणि भांडी घासायला बाहेर अंगणात गेली.

"का ग?" मी विचारलं.

"रीत आहे ना माझी."

"मुलगी होती ती तुझी. गिऱ्हाईक नव्हतं."

तिने ब्रश झटकला. "मला कधी बोलली नाही ती. जे मला बोललीच नाही ते चोरून कशाला ऐकू?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "छिंगमिंगच्या सणाला जाईन पूर्वजांच्या थडग्यावर, तेव्हा सगळे उतरवून घेईन. तोवर जरा थांबू दे मला. एकदम नाही झेपणार."

तिला दिसलं होतं की बॅटरी थकलीय. म्हणून आल्या आल्या तिने म्हातारीला नवा फोन पाठवून दिला. शेजारच्या सुनेने तो लावून दिला. वीचॅट उघडलं, त्यात जुनीच सगळी माणसं दिसली, सूछिनचा चेहरा, यान्यानचा चेहरा. सून म्हणाली, आजी, सगळं आलं बघा.

मग काही दिवसांनी म्हातारीचा फोन आला की जुना फोन जाड झालाय, पाठ उचललीय, हाताला चटका लागतो. टेबलापुढे तेव्हा गिऱ्हाइकांची रांग होती, पाळी सुटायची वेळ. ल्यावताई एकीकडे पेचकस फिरवत बोलत होती. "बॅटरी फुगलीय, आई. चार्जिंगला लावायचा नाही. दाबायचा नाही. घरात ठेवायचा नाही, आग लागेल. अंगणात वाळूच्या बादलीवर ठेवून द्या. मी आले की बघते." जे कुणालाही सांगायची तेच, त्याच सुरात. त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता.

छिंगमिंगच्या थोडं आधी, एका दुपारी, तिचा फोन पुन्हा वाजला. दोन्ही हात कामात होते म्हणून तिने स्पीकर चालू केला. मी शेजारी होते, सगळं ऐकलं.

"सूछिन, या नव्या फोनचा आवाज बिघडलाय."

"काय होतंय, आई?"

"यान्यानवर बोट ठेवते. बोलत नाही."

"डाव्या बाजूला लांब कळ आहे, तिचं वरचं टोक दाबा. पडद्यावर पट्टी वाढतेय का?"

"वाढली."

"आता बोलते?"

"नाही."

"खालच्या कडेला बारीक भोकं आहेत. त्यावर नव्या फोनचं प्लास्टिक तसंच राहिलंय का?"

"ते केव्हाच काढलं. मी काय खेडवळ आहे?"

"कानाला धरून ऐकलंत? कधीकधी आवाज वरून येतो."

"धरलं. कान दुखेपर्यंत धरलं."

"मग माझा आवाज कसा येतोय तुम्हाला?"

"तुझा येतोय की. तुझा कोण विचारतंय?"

पाववाला हसला. ल्यावताईही हसली. अजून तिच्या हातात ब्रश होता आणि ती दुसऱ्याच कुणाच्या फोनची जाळी घासत होती.

"बरं. यान्यानच्या फोटोवर बोट ठेवल्यावर पुढे काय दिसतं?"

"यान्यानच. तो मोहरीच्या शेतातला फोटो."

"हो, पण बाजूला पांढऱ्या पट्ट्या दिसतात ना, एकाखाली एक? तुम्ही ज्या दाबता त्या?"

"पट्ट्या नाहीत. सगळं कोरं आहे."

ब्रश थांबला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी कुणाच्या लक्षात राहत नाही: वीचॅटवरचं बोलणं ज्या फोनवर आलं त्याच फोनच्या पोटात राहतं. नवा फोन घेतला की नावं येतात, चेहरे येतात. बोलणं मुद्दाम उतरवून घेतलं तरच येतं. पाठवणाऱ्याच्या फोनमध्येही ते राहतं, पण यान्यानचा फोन कारखान्याने परत दिलाच नव्हता.

"आई," ल्यावताई म्हणाली, "जुना फोन कुठे आहे?"

"तो फुगलेला? तो गेला."

"कुठे गेला?"

"तो तीनचाकीवाला येतो ना भोंगा लावून. फुटलेले फोन, बिघडलेले फोन द्या, स्टीलचं पातेलं घ्या. तूच म्हणालीस आग लागेल. म्हटलं बरं झालं, घराजवळून जाईल. आधी वाटी देत होता मेला. मी म्हटलं, माझ्या नातीच्या पगारातला फोन आहे, वाटी कुणाला दाखवतोस. मग मोठं पातेलं काढलं त्याने, जाड बुडाचं. मोहरीचा पाला खारवायला होईल. तू आलीस की बघ."

गिऱ्हाईक समोर उभं होतं. ल्यावताईने त्याचा फोन हळूच चटईवर ठेवला.

"आई, आवाज नीट करायला मला थोडा वेळ लागेल."

"लागू दे. पण करशील ना?"

"बघते."

तिने फोन ठेवला आणि चष्मा काढला. भर दुपारी टेबलावर कापड टाकलं. आजारपणातही तिने कधी टाकलं नव्हतं. मी उठले होते, मला आठवतं, आणि तावातावाने बोलत होते की त्या तीनचाकीवाल्याला धरू, गावच्या चौकीत फोन करू, म्हाताऱ्या माणसांना भुलवून नेतात हे. ती म्हणाली, "गप बस, वकीलबाई. त्याने काही चोरलं नाही. पातेलं दिलंय."

तिला ठाऊक होतं हे फोन कुठे जातात. आम्हा सगळ्यांना ठाऊक असतं. गावोगावच्या अंगणांतून तालुक्याला, तिथून पोत्यांत भरून इथेच, ह्वाछ्यांगबेईच्या बाजारात, जिथून ती स्वतः सुटे भाग आणायची. हुनानचा माल एका तळघरात उतरायचा, मो नावाच्या जाड्या माणसाकडे. आम्ही भुयारी रेल्वेने गेलो.

मो भात खात होता. तिने तालुक्याचं नाव सांगितलं, फोन कसा होता ते सांगितलं. त्याने काड्या खाली ठेवल्या.

"फुगलेला होता?"

"हो, मोभाऊ."

"मग तुला काय सांगायचं, बहिणी. तुला माहीतच आहे."

तिला माहीत होतं. मला नव्हतं. फुगलेला फोन ट्रकमध्ये कुणी घालत नाही, अख्खं पोतं पेट घेईल. तालुक्यालाच तो उघडतात. बॅटरी मिठाच्या पाण्यात, काच एका ढिगात, बोर्ड दुसऱ्या ढिगात. म्हणजे आम्ही निघालो तेव्हापासून तिला ठाऊक होतं की तो फोन फोन म्हणून कुठेही नाही. तरी ती सबंध वाट ताठ बसून आली होती.

माझं डोकं फिरलं. "लोकांच्या घरातली माणसं पोत्यात भरता तुम्ही," मी मोला म्हटलं. "वजनावर विकता. जरा तरी वाटतं का?"

"बाई, मी पत्रे भरतो," तो म्हणाला. "त्यात माणसं कोण ठेवतं ते मला कसं कळणार?"

"त्यांचं खरं आहे," ल्यावताई म्हणाली. "बोर्ड आलेत का तिकडचे?"

त्या बाजारात पोतं उघडून बघायचं नाही असा नियम आहे. घ्यायचं तर न बघता आख्खं घ्यायचं, नशिबात निघेल ते. सगळे पाळतात, नाहीतर चांगला माल आधीच निवडून जाईल. मोने शेजारच्या गाळेवाल्यांकडे एकदा बघितलं. मग कोपऱ्यातलं एक पोतं ओढून आणलं, फरशीवर निळं प्लास्टिक अंथरलं आणि स्वतःच ते ओतलं. कुणीही हरकत घेतली नाही. एकाने टेबलावरचा दिवा काढून तिच्याजवळ आणून ठेवला.

ती मांडी घालून बसली. बोर्ड हिरवे, निळे, काळे, बोटाएवढे, तळहाताएवढे. मला सगळे सारखेच दिसत होते. ती एकेक उचलायची, कड बघायची, ठेवायची. मी विचारलं, ओळखणार कसा? ती म्हणाली, माझा डाग आहे त्यावर. नववर्षाला दिलेला सोल्डरचा डाग. "माझा डाग जरा डावीकडे झुकतो. हात तसा आहे माझा."

आणि तो सापडला. खरंच सापडला. तिने तो उचलला, दिव्याखाली धरला आणि अंगठ्याने पुसला. कडेला तिचा चकचकीत थेंब डावीकडे झुकलेला होता. मी तिच्या खांद्याला धरून हलवलं, म्हटलं मिळाला ग, मिळाला. तिने नुसता बोर्ड माझ्यापुढे धरला. मधोमध, जिथे सगळं साठवणारी चिप असते, तिथे चौकोनी जागा मोकळी होती. भोवती करपलेला काळा गोंद.

"चिप काढलीय," मो म्हणाला. हळू आवाजात म्हणाला, हे मान्य करते. "गरम हवा मारून काढतात. तिथेच."

"आणि मग?"

"मग पुसतात. कोरी करून दुसऱ्या फोनमध्ये बसवतात." थोडं थांबून म्हणाला, "बहिणी, आधी पुसतात. मगच पुढे पाठवतात."

तिने बोर्ड परत ढिगात ठेवला. मी म्हटलं, निदान घेऊन तरी चल. ती म्हणाली, "काय करू घेऊन? माझाच डाग आहे तो. यान्यानचं काही नाही त्यात." मग बसल्या जागी तिने सगळे बोर्ड गोळा करून पोत्यात भरले, मोला हात लावू दिला नाही.

छिंगमिंगला मी तिच्याबरोबर गावी गेले. एकटी पाठवायची मला हिंमत नव्हती. आदल्या रात्रीची गाडी, सकाळी तालुका, मग बस, मग बांधावरून चालत. दोन्ही बाजूंना मोहरी फुललेली. म्हातारी दारात उभी होती, हातात नवा फोन. "मिळाला का ग आवाज?" हाच पहिला शब्द.

ल्यावताईने तिला आत नेलं, ठेंगण्या स्टुलावर बसवलं आणि समोर उकिडवी बसून सांगितलं. काहीही गाळलं नाही. बोलणं कुठे राहतं, का आलं नाही, बोर्ड कसा सापडला, चिप कशी काढतात. म्हातारी ऐकत होती.

"पण लोकांचे नीट करतेस ना तू?" तिने विचारलं.

"करते, आई."

"मग?"

"हा नाही होत. त्यात आता काही नाहीच."

म्हातारीने नव्या फोनकडे बघितलं, यान्यानच्या शेतातल्या फोटोकडे. नंतर तो पदरात गुंडाळल्यासारखा अंगरख्याच्या टोकात गुंडाळून मांडीवर ठेवला. मला वाटलं आता ती छाती बडवून रडेल. ती म्हणाली, "मी दिला ना. पातेल्यावर दिला मी."

"मी अंगणात ठेवायला सांगितला होता. का जपायचा ते सांगितलं नाही. माझीच घाई."

"घासाघीस केली ग मी त्याच्याशी."

"आई, पुरे."

शेजारी कुणाच्या तरी थडग्यावर फटाके वाजत होते. मग म्हातारी म्हणाली, "मला पाठ आहेत पण."

ल्यावताईने मान वर केली.

"रोज ऐकायचे. पाठ आहेत. सांगू?"

मी घाईने माझा फोन काढला, रेकॉर्डिंग लावणार होते. ल्यावताईने माझ्या हातावर हात ठेवला. "ठेव आत. तिचा आवाज नाही तो." मग म्हातारीला म्हणाली, "सांगा."

म्हातारीला वरचे दात नाहीत. ती डोळे मिटून बसली आणि एकदम घाईघाईने, तरण्या पोरीच्या झोकात, बोलायला लागली. "आजी, जेवलीस का? मी जेवले. वांगं होतं, तेलात पोहत होतं नुसतं. तुझ्यासारखं नाही." थोडं थांबली, जणू बोटाने पुढची पट्टी दाबली. "आजी, फार उकडतंय इथे. झोपायला आम्ही सगळ्या गच्चीवर जातो. गच्चीवरून रेल्वे दिसते. आपल्याकडे जाते का ती, माहीत नाही." पुन्हा थांबली. "आजी, कोंबडी अंड्यावर बसली का?" तिचा सूर खरोखर बदलला होता. मी यान्यानला कधी पाहिलं नव्हतं, तरी मला वाटलं की त्या पोकळ तोंडाच्या मागे कुणीतरी आहे.

मग म्हातारी म्हणाली, "आजी, आईला पण बोलून पाठवावं म्हणते. बटण दाबून धरते. काय बोलावं सुचतच नाही. मग बोट वर सरकवते, ते पुसून जातं."

ल्यावताई उकिडवी होती ती मातीच्या जमिनीवर बसली.

"हे तुम्ही मला सांगितलं नाहीत कधी," ती म्हणाली.

"लाव म्हटलं होतं की मी तुला. तू भांडी घासायला गेलीस."

ल्यावताईचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते. तिला मी इतकी वर्षं पाहतेय, रिकामे हात मी तिचे तेव्हाच पाहिले.

"तेवढं परत सांगा, आई. माझ्याबद्दलचं."

म्हातारीने पुन्हा डोळे मिटले. "आजी, आईला पण बोलून पाठवावं म्हणते. बटण दाबते. मग लाजच वाटते. मग सोडून देते."

"सुचत नाही म्हणालात मघाशी."

"काय?"

"मघाशी म्हणालात, काय बोलावं सुचत नाही. आता म्हणता लाज वाटते. काय म्हणाली ती?"

"तेच ते ग."

"तेच नाही, आई. नीट आठवा. सुचत नाही म्हणाली की लाज वाटते म्हणाली?"

म्हातारी गोंधळली. ओठ हलवून मनाशी काहीतरी म्हणून बघत होती. "सुचत नाही... नाही. थांब. आजी, आईला पण... हां. 'आईला काय बोलू, ती कामात असते.' असं होतं काहीतरी." तिने डोळे उघडले आणि घाबरून सुनेकडे बघितलं. "होतं ग मला पाठ. सकाळपर्यंत होतं."

ल्यावताईने तिचा हात धरला. सुरकुतलेला, चुलीने काळवंडलेला तो हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि आवाज अगदी मऊ करून म्हणाली, "घाई नाही, आई. वांग्यापासून सुरू करा."

म्हातारीने डोळे मिटले. "आजी, जेवलीस का," ती म्हणाली. "मी जेवले. मुळा होता."